जिज्ञासेचे मोल
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गौरवप्रसंगी केलेले भाषण)



आताच आपण गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक केले. त्या आनंदात मीही सहभागी आहे. परंतु ज्या गुणाला परीक्षेत गुण मिळत नाहीत, त्या जिज्ञासेविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील सांखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण त्यांना फारसे लाभले नाही. घरच्या नारळीच्या बागा पाहण्यात तारुण्य चालले होते. अशा स्थितीत ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचे एक छोटेसे चरित्र त्यांच्या वाचनात आले. ते मासिक कितीतरी घरांत गेले असेल, आणि कितीतरी जणांनी ते चरित्र वाचून बाजूस ठेवले असेल! या गृहस्थाला मात्र स्वस्थता लाभेना. या बुद्धाचा धर्म मुळातून कोठे शिकावयास मिळेल, या एका प्रश्नाने १८९९ साली त्यांना घराबाहेर काढले. पुणे, ग्वाल्हेर करीत ते काशीस पोहोचले आणि अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. पुढे नेपाळात गेले. तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून त्यांची घोर निराशा झाली. तरीही ते परतले नाहीत. अखेर १९०२ साली सिंहलद्वीपात, कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात, सुमंगलाचार्यांपाशी त्यांचे पालीचे अध्ययन सुरू झाले.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. धर्मानंद निघाले तेव्हा मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. त्यांच्या पायपिटीचे वर्णन आपण आवडीने वाचतो. घरी राहिलेल्या त्या माउलीने ती वर्षे कशी काढली असतील, याचा हिशेब कोण मांडतो? जिज्ञासेचे मोल पुष्कळदा दुसऱ्यालाच चुकवावे लागते.

हा भार थोडा तरी समाजाने उचलावा की नाही? बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तो उचलला. कलकत्त्यास पाली शिकविणाऱ्या कोसंबींच्या मनात महाराष्ट्रात येऊन कार्य करावे असे होते. महाराजांनी कळविले की, महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहा, दरमहा ५० रुपये मिळतील. वर्षाकाठी एक पुस्तक तेवढे लिहून द्या. याहून अधिक अट नाही! पुढे ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संशोधनासाठी कोसंबी अमेरिकेत हार्वर्ड येथे गेले. १९१० साली हाती घेतलेले ते काम तेथून ग्रंथरूपाने बाहेर पडले १९५० साली. धर्मानंद १९४७ सालीच निवर्तले होते. अशा कामाला कोणत्या वर्षाचा निकाल लावणार?

आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘शिक्षणानंतर काय करणार?’ असा एक रकाना आहे. मी निधिसमितीवर असताना एका मुलीने तेथे लिहिले होते, “अजून ठरले नाही. आमच्या घरी मोडी कागदांचे गाठोडे आहे. त्यांत काय आहे ते मला वाचावयाचे आहे.” उत्तर असमाधानकारक, असा शेरा मारून आम्ही तो अर्ज मागे ठेवला. शेऱ्याखाली सही माझीही आहे.

अध्यक्ष महाराज, तो अर्ज दप्तरात असेलच. तो पुन्हा समितीपुढे यावा, आणि मुलीची हरकत नसेल तर मोडी शिकण्याचा तिचा पहिल्या वर्षाचा खर्च माझ्याकडून घ्यावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.