उद्याच्या पुढारी आपल्याच घरात



जगापुढचे प्रश्न मोठ्यांचे, आपले नव्हेत, असे आपल्याला वाटते. पण हवा आणि समुद्र तापू लागले, की वादळे-अतिवृष्टी बळावतात, असे शास्त्रज्ञ सांगतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने दापोली-मंडणगडच्या माडापोफळीच्या बागा आडव्या केल्या. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात घराघरांत शिरले. जगाचा प्रश्न उंबऱ्याशी येतो तो असा.

स्वीडनमध्ये २०१८ साली ग्रेटा थुनबर्ग ही पंधरा वर्षांची मुलगी याच प्रश्नासाठी संसदेबाहेर एकटी जाऊन बसली. आपल्या मुलींना तर घटनेनेच वाट करून दिली आहे. १९९३ पासून पंचायतीत स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. एकवीस वर्षांची मुलगी तेथे निवडून येऊ शकते.

मात्र खुर्ची बाईची आणि बोलणे यजमानांचे, असा प्रकार अजून पुष्कळ ठिकाणी चालतो. पऱ्या कुठे बुजला, विहीर कधी आटते, पुरात म्हातारी माणसे कुठे हलवायची, हे पाणी भरणाऱ्या बाईला पक्के ठाऊक असते. ते तिने स्वतःच्या तोंडाने सांगितले पाहिजे.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असा कायदा आहे. आपापल्या गावी त्या सभेला लेकीसुनांना पाठवा. त्यांची मुले त्या दिवशी आपण सांभाळू. पहिल्या खेपेस एकच वाक्य बोलल्या तरी चालेल, पण उभ्या राहून बोलू देत.