अर्धवट नोट्सची बाग

आज थेट किस्स्यावर येते.

गेल्या पाडव्याच्या आदल्या दिवशी मैत्रिणीचा मेसेज आला, "अगं, तू लिहिलंयस ना, कोपऱ्यावर कडुनिंब आहे? उद्या सकाळी पानं तोडते, चटणीला." ती बोलत होती माझ्या डिजिटल गार्डनबद्दल. म्हणजे माझी छोटीशी वेबसाइट. आमच्या भागातली झाडं ओळखायला शिकतेय, त्याच्या नोट्स तिथे ठेवते.

मेसेज वाचून पोटात गोळा आला. खाली जाऊन पाहिलं तर झाडाला जांभळट फुलं! कडुनिंबाची पांढरी असतात. मावशी बॉटनी शिकवते, तिला फोटो पाठवले. ती म्हणाली, "हा बकाण निंब. पानाचा दांडा बघ, त्याला पुन्हा फाटे फुटलेत. कडुनिंबाला तसं नसतं." आणि बकाण निंबाची फळं चक्क विषारी असतात. मैत्रिणीला लगेच फोन केला, "काही तोडू नकोस बाई!"

आता हेच मी व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलं असतं तर? कुठे कुठे जाऊन थांबवणार? स्टोरी टाकली असती तर 24 तासांत गायब, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात चूक तशीच. माईक कॉलफिल्ड यांनी 2015 मध्ये हाच फरक मांडला होता: एक प्रवाह, एक बाग. प्रवाहात पोस्ट वाहून जाते. बागेत तुम्ही त्याच पानावर परत येता, खुरपता, दुरुस्त करता.

माझ्या बागेत प्रत्येक नोटवर पाटी असते. बी म्हणजे नुसतं ऐकलेलं, रोप म्हणजे स्वतः पाहिलेलं पण न तपासलेलं, झाड म्हणजे जाणकाराकडून तपासून घेतलेलं. त्या नोटवर 'रोप' लिहिलं होतं हो! पण पार तळाशी, बारीक अक्षरात. कोण वाचणार? चूक माझीच. आता पाटी आणि तारीख सगळ्यात वर असते. जुनं वाक्यही पुसलं नाही, त्यावर काट मारून खाली लिहिलं, 'इथे मी चुकले होते.' लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

बनवायचं कसं, तर ऑब्सिडियन ॲप फुकट आहे, फोनवर चालतं. दुहेरी चौकटी कंसात दुसऱ्या नोटचं नाव टाकलं की दोन्ही जोडल्या जातात. क्वार्ट्झ त्या नोट्सची साइट बनवतं, गिटहब पेजेसवर ती फुकट राहते. पहिली जोडणी मात्र लॅपटॉपवरच करा. मी फोनवर करायला गेले, अख्खा रविवार गेला.

त्या नोटवर आता 'झाड' लावायला हरकत नाही, मावशीने ओळखलंय. पण मला पिवळी गोल फळं स्वतः बघायचीत. तोवर 'रोप'च.

चला, भेटू पुढच्या भागात!