इंग्रजी शब्दसंपदा आणि मराठी विद्यार्थी



मराठी माध्यमातून शिकून स्पर्धा परीक्षेला बसणारा विद्यार्थी अवघड इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करतो आणि महिन्याभरात त्या विसरतो. दोष त्याच्या स्मरणशक्तीचा नव्हे. एकट्या शब्दाला मनात आधार नसतो. वास्तविक हा आधार त्याच्या मातृभाषेतच आहे. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळ स्रोतातून निघाल्या असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात सांगितले. इंग्रजीतील अनेक भारदस्त शब्द लॅटिनमधून आलेले आहेत. लॅटिनमधील ‘पेड’ म्हणजे ‘पदयात्रे’तील ‘पद’. ‘इम्पीड’ म्हणजे पायात खोडा घालणे आणि ‘एक्स्पिडाइट’ म्हणजे तो काढणे. सरकारी कागदांवर हा दुसरा शेरा पुष्कळदा आढळतो. खोडा निघतोच असे नाही! ‘पेडेस्ट्रियन’ आणि सायकलचे ‘पेडल’ याच कुळातले.

मात्र केवळ ध्वनिसाम्यावर विसंबू नये. ‘डायरी’ ही ‘दिवसा’ची नातलग आहे, ‘डे’ मात्र नव्हे. यासाठी व्युत्पत्ती देणारा शब्दकोश ग्रंथालयात उघडावा आणि सापडलेला शब्द त्याच दिवशी स्वतःच्या वाक्यात योजावा.