पाठ सरळ करण्याचा हक्क : स्वागताध्यक्षीय भाषण

अमेरिकेच्या निरनिराळ्या राज्यांतून आणि थेट महाराष्ट्रातून आलेले डॉक्टर, परिचारिका, सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या प्रोमोतोरा भगिनींनो,

मोठी विमानतळं आणि मोठी हॉटेलं असलेली शहरं सोडून कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोत, इतक्या आडबाजूला कशाला बोलावलंत, असं काहींनी विचारलं. कारण सरळ आहे. यंदाचा विषय लॅटिनो समाजाच्या आरोग्यातली विषमता हा आहे, आणि ती जिथे रोज डोळ्यांना दिसते तिथेच तिच्यावर बोलावं, असं स्वागत समितीला वाटलं.

महामार्ग 99 नं आलात त्यांनी दुतर्फा द्राक्षबागा पाहिल्या असतील. अमेरिकेतले जवळजवळ सगळे बेदाणे याच टापूत होतात. आपल्यात सांगली-तासगावकडचे पाहुणे आहेत, त्यांच्यासाठी सांगते. तिकडे बेदाणा शेडमध्ये जाळ्यांवर वाळतो. इथे तो वेलींच्या दोन ओळींमधल्या जमिनीवर, कागदाच्या तावांवर वाळत घालतात. आता यंत्रं आली आहेत, तरी पुष्कळ मळ्यांत हे काम अजून हातानंच चालतं. ऑगस्टच्या अखेरीस, पारा चाळिशीच्या आसपास असताना, मजूर वेलीखाली गुडघे टेकतो, वाकड्या सुरीनं घड कापतो, ताव भरतो आणि पुढे सरकतो. मजुरी तावामागे मिळते. पाणी प्यायला उठलं की मजुरी तेवढी बुडाली. या माणसाची मूत्रपिंडं पन्नाशीच्या आत का थकतात, हे समजायला आधी तो ताव पाहावा लागतो.

या मजुराच्या समाजाचे आकडे पाहा. 2020 च्या जनगणनेत अमेरिकेत 6 कोटी 21 लाख लॅटिनो मोजले गेले. कॅलिफोर्नियात तर शंभरातले 39. देशातल्या डॉक्टरांमध्ये मात्र ते शंभरात जेमतेम सात आहेत. निदान झालेल्या मधुमेहाचं प्रमाण लॅटिनो प्रौढांत बारा टक्क्यांच्या घरात, तर श्वेतवर्णीयांत सातच्या आसपास. विमा नसलेल्यांमध्येही मोठ्या समाजगटांत त्यांचंच प्रमाण सर्वांत जास्त. पण ‘लॅटिनो’ ही एकच रांग नाही. न्यूयॉर्कमधल्या पोर्तोरिकन मुलाचा दमा वेगळा, इथल्या मेक्सिकन मजुराचा मधुमेह वेगळा. आणि मेक्सिकोच्या वाहाका प्रांतातून आलेल्या मिश्तेको आदिवासी स्त्रीला तर स्पॅनिशही परकीच असते. तिच्यासाठी स्पॅनिश पत्रक छापून आपण सुटलो, असं कुणी समजू नये.

1986 मध्ये मार्काइडीस आणि कोरिल या संशोधकांनी दाखवून दिलं की नैर्ऋत्य अमेरिकेतले लॅटिनो गरीब असूनही त्यांचा मृत्युदर श्वेतवर्णीयांच्या जवळपास आहे. निरीक्षण खरंच होतं. घट्ट कुटुंबं, तंबाखूचं कमी प्रमाण, धडधाकट माणसांनीच स्थलांतर करणं अशी त्याची कारणंही शोधली गेली. पण माझ्या मते त्यातून एक सोयीचा समज रुजला, की हे लोक काटक आहेत, त्यांचं निभावतं. कोविडनं तो समज मोडून काढला. 2019 मध्ये लॅटिनोंचं सरासरी आयुर्मान सुमारे 82 वर्षं होतं. दोन वर्षांत ते तब्बल चार वर्षांनी खाली आलं. मळे, मांसप्रक्रिया कारखाने, बांधकामं, हॉटेलांची स्वयंपाकघरं यातलं काही घरी बसून करता येत नव्हतं. देशाला जेवू घालणारी माणसं सर्वांत आधी उघडी पडली.

यावर उपाय काय, असं विचारलं की आपल्या व्यवसायातलं उत्तर ठरलेलं असतं : जनजागृती. टोर्टिया कमी करा, सोडा सोडा, चाला. सल्ला चुकीचा नाही. पण दिवसभर शेतात राबलेल्या बाईला चालायला सांगणं मला पटत नाही. तिचं आजारपण कामात, कायद्यात आणि भीतीत घडतं, आणि ते तिथेच बदलावं लागतं. ते बदलताही येतं. याच राज्यात ते बदललेलं आहे, आणि त्यात डॉक्टरांचा वाटा होता.

जेमतेम फूटभर दांड्याचं एक कुदळं असायचं. मजूर त्याला ‘एल कोर्तीतो’ म्हणत. लेट्यूस आणि बिटाची विरळणी त्यानं करायची म्हणजे दिवसभर कमरेत दुमडून राहायचं. मळेवाले म्हणत की याशिवाय काम नीट होत नाही. पण मुकादमाची आणखी एक सोय होती : ताठ उभा दिसला तो थांबलेला, हे लांबूनच कळायचं. ग्रामीण कायदा साहाय्य संस्थेच्या वकिलांनी 1972 मध्ये त्यावर बंदीसाठी अर्ज केला. औद्योगिक सुरक्षा विभागाचं म्हणणं असं की असुरक्षित अवजारांवर बंदीचा नियम मोडक्या अवजारांसाठी आहे, हे तर धडधाकट आहे. मणक्याच्या कायमच्या इजेबद्दल डॉक्टरांनी साक्षी दिल्या. अखेर 1975 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं विभागाचा तो संकुचित अर्थ नाकारला आणि त्याच वर्षी ते कुदळं बंद झालं. पाठदुखीवरच्या कितीही गोळ्यांनी झालं नसतं, ते त्या साक्षींनी झालं.

त्याच्या आधीची दहा वर्षंही लक्षात घ्या. इथून दक्षिणेला असलेल्या डिलेनो गावात 1965 मध्ये लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो द्राक्षमजुरांनी संप केला आणि डोलोरेस वेर्ता यांच्या संघटनेतले मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले. 1938 च्या किमान वेतन कायद्यातून शेतमजुरांना वगळलं होतं, ही त्या लढ्यामागची पार्श्वभूमी. उन्हापासून संरक्षणाचा नियम कॅलिफोर्नियानं 2005 मध्ये केला : पाणी, सावली, विश्रांती. तरीही 2008 च्या मे महिन्यात एक सतरा वर्षांची गर्भवती मुलगी द्राक्षमळ्यात उष्माघातानं गेली. नियम कागदावर आला तरी मळ्यापर्यंत त्याला कुणीतरी चालवत न्यावं लागतं.

हे चालवत नेण्याचं काम पहिल्या रांगेतल्या या भगिनी करतात. प्रोमोतोरा म्हणजे वस्तीतलीच, वस्तीनं विश्वास टाकलेली आरोग्य कार्यकर्ती. आपल्याला हे नवं नाही. 1970 मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला गावच्या स्त्रियांच्या हाती आरोग्य सोपवलं, तेव्हा याच विचाराची पेरणी झाली होती. आणि मेक्सिकोच्या शेतकऱ्याशी मराठी माणसाचं नातं त्याहून जुनं आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतून भटकत मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले, मक्यावर संशोधन केलं आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उभारल्या. चित्रकार दिएगो रिवेरानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. ती ओळख पुढे न्यायची जबाबदारी आपल्यावर आहे, असं मी मानते.

काही महिन्यांपूर्वी माझ्या तपासणीच्या खोलीत एक आई आली. स्तनातली गाठ. दुभाषी मिळाला नाही म्हणून शाळेच्या गणवेशातली तिची मुलगी मध्ये बसली होती. ‘बायोप्सी’ ऐकताच ती पोर गप्प झाली आणि आईकडे न बघता भिंतीवरचा तक्ता वाचत राहिली. लहान मुलांना दुभाषी करू नये, असा केंद्रीय नियम 2016 पासून आहे. पण दुभाष्यांची तरतूद पैशांशिवाय होत नाही. मी तपासणी थांबवली आणि फोनवरून दुभाषी मिळेपर्यंत आम्ही तिघी बसून राहिलो.

भाषेच्या या अडचणीत आता भीतीची भर पडली आहे. जानेवारी 2025 मध्ये रुग्णालयांसारख्या ठिकाणी स्थलांतरितांची धरपकड न करण्याचं जुनं धोरण मागे घेतलं गेलं. 2024 मध्ये कॅलिफोर्नियानं कागदपत्रं नसलेल्या सर्व वयोगटांच्या स्थलांतरितांसाठी मेडी-कॅल ही राज्याची आरोग्य विमा योजना खुली केली होती. जानेवारी 2026 पासून अशा प्रौढांची नवी नोंदणी बंद झाली. दार उघडून दोन वर्षांत लावून घेतलं. इन्सुलिन संपलं तरी दवाखान्यात न येणारे रुग्ण इथल्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहेत. यावर आपण व्यावसायिक मंडळी गप्प बसलो, तर आपल्या आरोग्यविषयक भाषणांना काही किंमत राहणार नाही. आपल्यापैकी अनेकजण व्हिसाच्या रांगेतून आले आहेत. कागदाची धास्ती आपल्याला कळते. फरक एवढाच की आपल्या हाती पदवी होती.

म्हणून स्वागत समितीनं एक बदल केला आहे. बीजभाषणाआधी प्रोमोतोरा बोलतील, स्पॅनिशमध्ये आणि मिश्तेकोत. दुभाष्यांची सोय आहे, खुर्चीवरचे हेडफोन लावून घ्या. दुपारच्या सत्रात मेडी-कॅलबाबत राज्याच्या आमदारांना पाठवायच्या निवेदनाचा मसुदा मांडला जाईल. तो नीट वाचा, दुरुस्त्या सुचवा आणि मगच सही करा. रविवारी सकाळी सहा वाजता मळ्याजवळच्या वस्तीत रक्तदाब आणि साखरतपासणी आहे, मजूर दुपारच्या आत थकून जातात म्हणून इतक्या लवकर. येणाऱ्यांनी नोंदणीच्या टेबलावर नाव द्यावं आणि पांढरा कोट घालू नये. तिथे कुणाचाही पत्ता किंवा ओळखपत्र विचारायचं नाही, ही प्रोमोतोरांची अट आहे आणि ती समितीनं मान्य केली आहे.

जेवणाची व्यवस्था तळमजल्यावर आहे. राहण्यात काही उणं पडलं तर मला किंवा माझ्या सहकाऱ्यांना हक्कानं सांगा. पहिल्या वक्त्यांना व्यासपीठावर येण्याची विनंती करते.