म्हातारचळ नव्हे, आजार
(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. परिचारिका म्हणून तीस वर्षे वॉर्डात काढली, त्या शिदोरीवर बोलणार आहे. विषय स्मृतिभ्रंशाचा आहे. घरात आपण त्याला ‘म्हातारचळ’ म्हणतो, ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतो आणि सोडून देतो.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. आमच्या गल्लीत एक आजी होत्या. दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, “सून जेवायला देत नाही गं मला.” सगळी गल्ली सुनेला नावे ठेवायची. मीही एकदा तिला चार शब्द सुनावले. ती काही बोलली नाही, आत नेऊन तिने मला खरकटे ताट दाखवले. आजी नुकत्याच भाकरी खाऊन उठल्या होत्या. त्या खोटे बोलत नव्हत्या. जेवल्याची आठवणच त्यांच्या डोक्यात उमटली नव्हती. इतकी वर्षे नोकरी करून हे माझ्या ध्यानात येऊ नये, याची मला आजही लाज वाटते.

याच आजी वंदना मात्र न अडखळता म्हणायच्या. लोक म्हणायचे, “एवढं पाठ आहे आणि जेवल्याचं आठवत नाही? सोंग आहे सगळं!” सोंग नाही हो. मेंदूत कानशिलाच्या आतल्या बाजूला नवी आठवण साठवणारा भाग असतो. अल्झायमर नावाच्या आजारात बहुधा तोच आधी झिजतो. म्हणून लहानपणचे, पाठांतराचे पुष्कळ दिवस टिकते आणि सकाळचे जाते.

जर्मनीतल्या डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी हा आजार १९०६ साली जगापुढे मांडला. त्यांची रुग्ण १९०१ साली इस्पितळात आली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. तिच्या घरच्यांना आधी दिसला तो नवऱ्यावरचा संशय. पुढे डॉक्टरांनी नवऱ्याचे नाव विचारले तर बाईने स्वतःचेच सांगितले. तेव्हा घरातले माणूस एकाएकी संशयी झाले, “माझे पैसे चोरले” म्हणू लागले, तर भांडण्याआधी हेही मनात आणा. आजार बहुतेक साठीनंतर दिसतो, पण आधीही येतो.

रेल्वेतल्या मंडळींना १९७४ चा मे महिन्यातला संप आठवत असेल. ज्या जॉर्ज फर्नांडिस यांच्या शब्दावर देशभरातल्या गाड्या थांबल्या, जे पुढे रेल्वेमंत्री आणि संरक्षणमंत्री झाले, त्यांनाही अखेरची वर्षे याच आजाराने घेरले. २०१९ च्या जानेवारीत ते गेले. अनेक भाषा बोलणारा, सभा गाजवणारा माणूस. तेव्हा ‘आमचे बाबा शिकलेले आहेत, त्यांना कसं होईल?’ असे कुणी म्हणू नये. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने आपल्या देशात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाचे असावेत असा अंदाज दिला आहे.

आता साधा विसरभोळेपणा आणि आजार यांतला फरक. चष्मा कुठे ठेवला हे सगळेच विसरतात. पण चष्मा तांदळाच्या डब्यात सापडणे, रोजच्या भाजीबाजारातून घरचा रस्ता न सापडणे, तोच प्रश्न पाच मिनिटांत चारदा विचारणे, सुट्ट्या पैशांचा हिशेब न जमणे, पेन्शनच्या कागदावरची सही बदलणे, ही लक्षणे आहेत. नंतर वेळ-वार कळत नाही, नातू ओळखू येत नाही, कपडे उलटे घातले जातात, लघवीचे भान राहत नाही. काहींना भिंतीपाशी मुले उभी दिसतात. काहींची आठवण बरी असते, पण स्वभाव पार बदलतो, चारचौघांत नको ते बोलतात.

दुसरे मोठे कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे. बीपी, साखर, तंबाखू यांनी त्या खराब होतात आणि छोटे-छोटे झटके येऊन माणूस पायरी उतरल्यासारखा खाली जातो. दारूनेही आठवण जाते. आपल्याकडे पाचवे शील रोज म्हटले जाते, त्यावर मी अधिक बोलत नाही.

पण आज मी आले ती पुढचे सांगायला. प्रेसमधून रिटायर झालेले एक काका होते. पहाटे उठून डबा मागायचे, “ड्युटीला उशीर होतोय” म्हणून निघायचे. चालही डुगडुगायला लागली होती. हे सारे दोन-तीन आठवड्यांत झाले. घरात भगताकडे न्यायची बोलणी सुरू होती. मी वहिनींना विचारले, “पडले होते का कधी?” तर दीड महिन्यापूर्वी न्हाणीत पडले होते, टेंगूळ आले म्हणून कुणी मनावर घेतले नाही. सीटी स्कॅन केला, कवटीच्या आत रक्त साठलेले निघाले. ऑपरेशन झाले आणि काका पुन्हा पत्ते खेळायला लागले. भगताकडे गेले असते तर?

असेच बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले, थायरॉईड मंदावले, मन खचले, झोपेच्या गोळ्या जास्त झाल्या, तरी आठवण बिघडते. वेळेत उपचार केले तर पुष्कळदा सुधारते. आणि एका-दोन दिवसांत माणूस बरळायला लागला तर तो स्मृतिभ्रंश समजून घरी बसू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, साखर उतरणे, काहीही असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

अल्झायमर मात्र बरा होत नाही. गोळ्यांनी काहींना थोडे दिवस बरे वाटते. बाकी सांभाळणेच. वाद घालू नका. “आत्ताच जेवलात ना!” असे ओरडण्यापेक्षा थोडे चुरमुरे हातात द्या. खिशात घरच्या फोन नंबरची चिठ्ठी ठेवा, रात्री गॅसचा कॉक बंद करा. आणि सांभाळणाऱ्या सुनेला आठवड्यातून एक दुपार तरी मोकळी द्या. शेजारणींनो, हे तुमचे काम.

त्या आजींच्या तपासण्या झाल्या. त्यांचा अल्झायमरच निघाला. मी दर रविवारी दोन तास त्यांच्याजवळ बसायची, तेवढ्यात सून बाजार करून यायची. आजी मला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारायच्या. पहिल्यांदा मी चूक सुधारायला गेले, तर रडवेल्या झाल्या. नंतर मी आपली ‘ओ’ द्यायची.