गोळी, पेज आणि गुळवेल



भातलावणीला आपल्या सिंधुदुर्गात लेप्टोची भीती असते. उंदरांच्या, गुरांच्या लघवीतले जंतू चिखलातून पायाच्या भेगांत शिरतात. ज्यांचे दिवस चिखलात जातात, त्यांना प्रतिबंधासाठी आठवड्यातून एकदा डॉक्सीसायक्लिन देतात. कातकरी वाडीवर एका मावशीने पदराची गाठ सोडून न घेतलेल्या तीन गोळ्या मला दाखवल्या. गोळीने पोटात ढवळतं, म्हणून ती गुळवेलीचा काढा घेत होती.

ढवळतं हे खरंच. उन्हात कातडीही भाजते. आता ती आधी पेज जेवते, मग पेलाभर पाण्याबरोबर गोळी घेते आणि लगेच आडवी होत नाही. पेजेचा उपाय तिच्याच चुलीवरचा!

गुळवेल माझ्याही अंगणात आहे. पण काढ्याने लेप्टो टळत नाही. आणि रानातलं ते सगळं निर्धोक, असंही नाही. २०२० मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. ताप येऊन पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर काढा उकळत न बसता त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं.

मावशीच्या सुनेला सातवा महिना आहे. तिला ही गोळी देत नाहीत, आणि मजुरी बुडवणं घराला परवडत नाही. तिच्या लावणीच्या दिवसांची मजुरी आपण देऊ शकू का?