टेबल भाड्याचं, जबाबदारी कोणाची?

(बुलडाणा येथे कार्यकर्त्या मैत्रिणींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मी चिखली तालुक्यातली. हिशेब लिहिण्याचं आणि कराची विवरणपत्रं भरण्याचं काम करते. चार वर्षं हेच काम पुण्यात राहून केलं. आपल्या जिल्ह्यातल्या मुली शिकून पुण्या-मुंबईला जातात. त्यांतल्या काहीजणी कोणाच्या कायम नोकरीत नसतात, कॉम्प्युटरवर सुटी कामं घेतात. राहायची खोली तिघी-चौघींत एक, तिथे काम होत नाही. मग त्या को-वर्किंगमध्ये खुर्ची घेतात. म्हणजे एक मोठा हॉल, त्यात टेबलं, वीज, इंटरनेट, चहा. प्रत्येकजण आपापल्या कामाचा आणि भाडं महिन्याचं. ही जागा कशी निवडायची, यावर मी बोलणार आहे.

मी पहिली जागा भाडं पाहून निवडली. महिना ६,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ७,६७० झाले. दोन महिन्यांचं डिपॉझिट वेगळं, आणि सहा महिने जागा सोडायची नाही अशी अट. गावाहून निघताना आई म्हणाली होती, "पोरी, संडास कुठं हाये ते आधी पाह्यजो." मी हसले होते. तिथला संडास जिन्यापलीकडे, आणि संध्याकाळी सातनंतर तिकडचा दिवा बंद.

तिसऱ्या महिन्यात शेजारच्या टेबलावरच्या एका माणसाचा त्रास सुरू झाला. आधी नको ते बोलणं, मग जिन्यात वाट अडवणं. मी जागेच्या मॅनेजरकडे गेले. ते म्हणाले, "तो आमचा नोकर नाही, ग्राहक आहे. तुम्हीही ग्राहकच." त्या माणसाच्या कंपनीत सहाजण. तिचे साहेब म्हणाले, आमच्याकडे समिती वगैरे नाही. ज्यांचं काम मी करत होते, ते म्हणाले, तुम्ही आमच्या पगारावर नाही. शेवटी एकाने विचारलंच, "मॅडम, तुम्ही इतक्या उशिरापर्यंत थांबता कशाला?"

सगळा दोष बाईच्याच माथी का, हे आपल्या बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून विचारलं होतं. आपण अजून तेच विचारतो आहोत.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा निकाल दिला. त्यामागे राजस्थानातल्या भंवरीदेवींवरचा अत्याचार आणि त्यांचा लढा होता. त्या साथिन होत्या, त्यांचं कामाचं ठिकाण म्हणजे गावच. पुढे २०१३ साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. ज्या मालकाकडे दहा किंवा अधिक माणसं कामाला आहेत, त्याने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. आता को-वर्किंगचा हॉल डोळ्यांपुढे आणा. समजा, माणसं दीडशे, पण मालक तीस. कोणाचे पाच, कोणाचे सात. दहाचा आकडा कुठेच भरत नाही. पाळणाघराचंही तसंच. पन्नास कामगार असतील तर पाळणाघर हवं, पण मोजणी एकेका मालकाची. हॉल भरलेला, आणि कायद्याच्या वहीत सगळे सुटे!

तरी वाट आहे. जिथे दहापेक्षा कमी माणसं असल्याने समिती नाही, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार करणारी बाई तिथे नोकरीलाच हवी, असंही नाही. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. अडचण पटण्यासारखी असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पुरी करायची असते.

मला हे एका कार्यकर्तीने सांगितलं, तेव्हा अडीच महिने उलटून गेले होते. आम्ही दोघींनी बसून तारीखवार अर्ज लिहिला. चौकशी झाली, त्याला लेखी माफी मागावी लागली. पण तोवर मी जागा सोडली होती. मुदतीआधी सोडली म्हणून माझं डिपॉझिट बुडालं.

म्हणून जागा पाहायला जाणाऱ्या मुलीला मी हे सांगते. आधी एका दिवसाचे पैसे भरून बस, आणि दिवे लागेपर्यंत थांब. संडासाला आतून कडी आहे का, तिथे पाणी, दिवा आणि पॅड टाकायला डबा आहे का, ते पाहा. रात्री पहारेकरी कोण, आणि दारापासून बसथांब्यापर्यंतचा रस्ता कसा, तो स्वतः चालून पाहा. कॅमेरे कुठे लावलेत आणि ते चित्रण कोण पाहतं, हे विचार. भाडं करासकट विचार. डिपॉझिट कधी परत मिळेल आणि छळामुळे जागा सोडावी लागली तर कापणार का, हे करारात लिहून घे. आणि सगळ्यात आधी विचार, "एका भाडेकरूने दुसरीला त्रास दिला तर तक्रार कोण घेणार? त्याचं नाव कुठे लावलंय?" उत्तर तोंडी नको, कागदावर हवं. जो मालक हे ऐकून हसेल, त्याची खिडकी कितीही छान असो, तिथे बसू नये.

हे एकटीने विचारायला जड जातं. मी विचारलं नव्हतं, कारण मला जागेची गरज होती. म्हणून चौघी मिळून जावं, चार खुर्च्या घेणाऱ्याचं ऐकलं जातं.

आणि मैत्रिणींनो, ही गोष्ट फक्त पुण्याची नाही. आपल्या चिखली-खामगावात कापडाच्या दुकानात, क्लासमध्ये, दवाखान्यात दोन-तीन बायका कामाला असतात. त्यांनाही हीच स्थानिक समिती आहे, आणि तालुक्याला तक्रार घेणारा नोडल अधिकारी नेमायचा असतो. आपल्यापैकी किती जणींना त्याचं नाव माहीत आहे? हात वर करा बरं. (सभेत दोन हात वर झाले.)

पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गटाने आपापल्या तहसीलमध्ये जाऊन ते नाव आणायचं आणि गावातल्या फलकावर लावायचं. नेमलेलाच नसेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज द्यायचा. तेवढं ठरवून मगच आज उठूया.